स्किनला मराठीत काय म्हणावं? त्वचा, पेहराव की साज?

मूळ प्रश्न

आमच्या तालुक्याच्या इतिहासाचा एक विकी आम्ही काही जण मिळून चालवतो. सॉफ्टवेअर मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो तेच. गेले दोन महिने त्याच्यासाठी स्वतंत्र स्किन, म्हणजे पानांचं रूप आणि मांडणी ठरवणारा भाग, तयार करतेय. काम संपत आलंय आणि आता अडलंय एका शब्दापाशी. सदस्याला स्किन निवडता येते त्या पानावर मी 'त्वचा' असं लिहिलं होतं. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी ते वाचून थांबले आणि म्हणाले, "ताई, इथे त्वचेची काय माहिती भरायची?" गुरुजींनी या विकीवर मन लावून कितीतरी लेख लिहिलेत. त्यांना अडखळायला लावणारा शब्द मला नकोच आहे. पेहराव, रूपडं, आवरण, बाज एवढे मनात आले. सरळ 'थीम' ठेवावं असंही एकाचं मत आहे. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद

थीम आणि स्किन एक नव्हेत, तेव्हा आधी ते वेगळं करू. विकिपीडियावर २००४ पासून मोनोबुक ही मुख्य स्किन होती, २०१० मध्ये वेक्टर आली, मग वेक्टर २०२२. या शेवटच्या बदलात लेखाची अनुक्रमणिका मजकुरातून उचलून डाव्या बाजूला नेली. म्हणजे स्किन बदलली की वस्तूंच्या जागाच बदलतात. याउलट २०२४ मध्ये गडद रंगांची सोय आली ती वेक्टर २०२२ च्या आतच. जागा त्याच, रंग तेवढे वेगळे. याला थीम म्हणा किंवा 'रंगसंगती' म्हणा, मला चालेल. पण स्किनला थीम म्हटलंत तर उद्या गडद रंग द्याल तेव्हा शब्द उरणार नाही.

'त्वचा' मला अर्थामुळेच पटत नाही. त्वचा देहाची असते, ती काढून दुसरी घालता येत नाही. इथे तर पानाच्या पत्त्यापुढे 'यूजस्किन' जोडून दुसऱ्या स्किनचं नाव दिलं की तोच लेख क्षणात दुसऱ्या रूपात समोर येतो. लेखातलं एक अक्षरही हललेलं नसतं.

म्हणून माझं मत साज. बैलाला साज चढवतात, घोड्याला चढवतात, आणि उतरवूनही ठेवतात. बैल तोच राहतो. फारसीत 'साझ' म्हणजे अवजार, वाद्य, सरंजाम. त्यामुळे या शब्दात नुसती शोभा नाही, कामाची सामग्रीही आहे. स्किनमध्ये शोधपेटी असते, मेनू असतो, 'संपादन' आणि 'इतिहास' यांच्या कळा असतात. पेहरावात हे मावत नाही.

दुसरा प्रतिसाद

साज आवडला. मी 'साचा' सुचवणार होतो, पण तो शब्द मराठी विकिपीडियाने टेम्प्लेटसाठी, म्हणजे अनेक लेखांत वापरायच्या तयार मजकुरासाठी, केव्हाच घेतलाय. शिवाय इथे घोटाळा दुप्पट होईल. मीडियाविकीची नवी स्किन लिहिताना पानाचा सांगाडा 'मस्टॅश' नावाच्या भाषेत लिहितात आणि त्यातही मजकूर जिथे येणार ती जागा राखायला दुहेरी महिरपी कंस वापरतात. लेखातला साचा बोलवायलाही तेच कंस! एकाच खुणेच्या दोन गोष्टी, त्यांना नावही एकच दिलं तर नवा माणूस हमखास चुकेल.

जाता जाता, त्या कंसाच्या आकारात इंग्रजीला आडवी मिशी दिसली म्हणून त्या भाषेचं नाव मस्टॅश. आपल्याला त्याच आकारात देव्हाऱ्यावरची महिरप दिसली. अशी नजर ज्या भाषेला आहे तिला स्किनसाठी शब्द सापडणार नाही, हे मी मानत नाही. सँडबॉक्सला, म्हणजे सरावाच्या पानाला, 'धूळपाटी' आणि गप्पांच्या पानाला 'चावडी' म्हणणारी माणसं याच मराठी विकिपीडियावर आहेत. ते दोन्ही शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

तिसरा प्रतिसाद

शब्दाबरोबर क्रियापदही ठरवा. 'स्किन विकसित करणे' ऐकायला जड वाटतं. साज घडवतात, तेव्हा अगदी नव्याने लिहिलेली स्किन 'घडवली' म्हणा. आणि असलेल्याच स्किनवर आपलं सीएसएस (रंग, मापं ठरवणाऱ्या सूचना) घालून फेरफार केले असतील, तर ती 'बेतली' म्हणा, अंगरखा बेतावा तशी. दोन्ही कामांतला फरक मोठा आहे आणि मराठीत तो एका क्रियापदाने कळतो.

मूळ प्रश्नकर्ती

बेतणं हा शब्द फार नेमका मिळाला, कारण आमचं काम त्याच जागी अडलं होतं. आधी आम्ही एक तयार स्किन जशीच्या तशी घेतली होती. तिच्यात शीर्षकाच्या ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाची होती आणि उंचीबाहेर जाणारा भाग कापला जायचा. आमच्या एका लेखाचं नाव 'मूर्तींची यादी'. त्यातल्या 'र्तीं'वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही एकावर एक येतात. वरचा अनुस्वार कापला गेला आणि पानावर दिसायला लागलं 'मूर्तीची यादी'. गावातल्या सगळ्या मूर्तींची एकच मूर्ती झाली. गुरुजींना वाटलं आपलंच शुद्धलेखन चुकलं. त्यांनी दोनदा पान उघडून दुरुस्त केलं, तरी चूक जाईना. मला फार वाईट वाटलं. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून जास्त केली, कापणं बंद केलं, तेव्हा अनुस्वार परत आला. तिथूनच मी ठरवलं की देवनागरीच्या मापाची स्किन आपणच लिहायची.

तर आता पानावर 'साज निवडा' असं लिहिलंय आणि गडद-उजळ रंगांसाठी खाली वेगळं 'रंगसंगती'. काल गुरुजींना दाखवलं. त्यांनी काही न विचारता यादी उघडली, दोन्ही साज लावून पाहिले आणि जुनाच ठेवला.

एक शब्द अजून हवाय. सदस्याने काहीच निवडलं नाही तर आपोआप जो साज लागतो, त्याला 'मूळ साज' म्हटलं तर तो सर्वांत जुना असं वाटतं. 'नेहमीचा साज' कसा वाटतो?

पहिला प्रतिसादक

'नेहमीचा' ठेवा. सणाचा साज वेगळा आणि नेहमीचा वेगळा, हे घरोघरी बोललं जातं.