ग्राइंडर नको, बोल्ट कटर वापरा

अ‍ॅस्बेस्टॉसचे (श्वासातून गेल्यास घातक अशा खनिज तंतूंचे) जुने सिमेंट पत्रे छपरावरून कसे काढायचे, यावर एकांनी लिहिलंय की एन-95 मास्क लावा, ग्राइंडरने बोल्ट कापा, अर्ध्या दिवसात छप्पर मोकळं. मास्क हवाच (शक्यतो पी-100 किंवा एफएफपी-3 या जास्त गाळणाऱ्या प्रकारांतला, एन-95 कमी पडतो आणि दाढी असेल तर कुठलाच नीट बसत नाही), पण ग्राइंडरला माझा साफ विरोध. पत्रा अखंड असताना अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, ग्राइंडर जरा चुकून पत्र्यावर टेकला की त्याच तंतूंची बारीक धूळ होते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही.

आमच्या गावच्या घराचे पत्रे काढले तेव्हा मिस्त्रीने आधी पाठीवरच्या फवारणी पंपात पाणी आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घालून पत्रे चिंब केले, गंजलेले जे-बोल्ट (पत्रा धरून ठेवणारे आकड्यासारखे बोल्ट) लांब दांड्याच्या कटरने तोडले आणि अख्खा पत्रा दोघांनी हातावर खाली घेतला, वरून फेकला नाही. चालायला वाशांवर आडव्या फळ्या टाकलेल्या, कारण जुना पत्रा पायाखाली कधी फुटेल सांगता येत नाही, आणि माझ्या मते पडण्याचा धोका धुळीपेक्षा जवळचा. खालचा चुरा झाडूने अजिबात झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि फडकंही पत्र्यांसोबत जाड प्लास्टिकमध्ये बांधून टाका.

खरी पंचाईत पुढे आहे, भंगारवाला हे घेत नाही. घातक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला आहेत, तिथे आधी फोन करूनच काम काढा. तुकडे रस्त्याच्या भरावात टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.