घरचं दुकान आणि घरचीच समीक्षा?

भटका वाचक: ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ सायन्स फिक्शन’चे गोडवे ऐकून कान किटले. डेव्हिड हार्टवेलने १९८८ साली मित्रमंडळी जमवून हे मासिक काढलं. विज्ञानकथा-फँटसीची ऐसपैस परीक्षणं, निबंध, वाद. ठीक आहे. पण हा माणूस विज्ञानकथा छापणाऱ्या ‘टॉर’ प्रकाशनाचा संपादक होता! जी पुस्तकं बाजारात आणायची, त्याच बाजाराचा न्यायनिवाडाही आपणच करायचा?

तिरकस: आपलं ‘ललित’ मॅजेस्टिकवाल्यांनीच काढलं ना? तेव्हा कोणाला खटकलं नाही.

भटका वाचक: ‘ललित’वरही हा आक्षेप घेता येईलच की. दोघांनी केलं म्हणून बरोबर ठरत नाही.

जुना खोका: हितसंबंध होता, नाकारत नाही. पण टॉरचा खप वाढवायचा असता तर जाहिरात स्वस्त पडली असती. न्यूयॉर्क राज्यातल्या प्लेझंटव्हिल गावाहून निघणारं हे छोटं मासिक स्वयंसेवकांच्या जिवावर चालायचं. एकाच पुस्तकावर चार-पाच पानं खर्ची घालणारं मासिक प्रकाशकाला काय कामाचं? तेवढ्या जागेत पुस्तकाची हाडंसुद्धा मोजली जातात. कौतुक दोन ओळींत उरकतं. मागच्या कव्हरवर छापायला तेवढंच लागतं.

मीनल_पुणे: मग ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथेतलं वाचकांच्या मतांवर दिलं जाणारं बक्षीस, का नाही मिळाला? वर्षानुवर्षं नामांकन, आणि बक्षीस एकदाही नाही. १९८४ ला सेमीप्रोझिन (अर्धव्यावसायिक मासिकांचा) विभाग सुरू झाला आणि पहिली नऊ वर्षं सलग ‘लोकस’ मासिकानेच नेला. वाचकांनी कौल दिला की!

जुना खोका: मतदान करणाऱ्यांच्या हातात अंक तर पडायला हवा. ‘लोकस’मध्ये कोणाचं पुस्तक कोणी घेतलं, कोणतं कधी येतंय, या बातम्या असतात. धंद्यातल्या प्रत्येकाला तो लागतो. दीर्घ समीक्षेचा वाचक मुळातच थोडा. (आणि ‘लोकस’ची परीक्षणंही चांगली असतात, उगाच भांडण लावू नका.)

भटका वाचक: खप कमी म्हणजे दर्जा जास्त, हे गणित मला पटत नाही. २०१२ ला छापील अंक सोडून ई-अंकावर गेले, तेही परवडेना म्हणूनच ना?

तिरकस: छपाई आणि टपालखर्च कोणाला परवडतो हो? २०१६ च्या जानेवारीत हार्टवेल गेला, तरी त्याचा सहकारी केव्हिन मरोनीने अंक चालू ठेवला. टॉरच्या सोयीसाठी असता तर त्याच महिन्यात गुंडाळला असता.

भटका वाचक: चिकाटी मान्य. पण परीक्षणाखाली ‘संपादक अमुक प्रकाशनात नोकरीला’ एवढी ओळ छापायला काय हरकत होती?

जुना खोका: त्या ओळीला माझाही पाठिंबा.