सीमेकवाला प्रोजेक्ट तीन ओएसवर तीन प्रकारे फुटतोय, टूलच बदलावं का? सल्ला हवाय

सांगलीचा_पक्या
नमस्कार मंडळी. आमचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, हळदीच्या अडत दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन थेट बिलात घेतं. सी प्लस प्लसमध्ये आहे, सीमेकने (कोडचा प्रोग्राम कसा बांधायचा ते लिहून ठेवायचं टूल) बिल्ड होतं. गिऱ्हाईक सगळं विंडोजवर, पण टीममधला एक जण एम सिरीजच्या मॅकवर काम करतो आणि टेस्ट उबुंटूच्या सर्व्हरवर चालतात. इतके दिवस ढकलगाडी चालू होती, आता तिन्हीकडे बोंब आहे. विंडोजवर काटेवाल्यांनी दिलेला नवीन एसडीके (काट्याशी बोलायचा तयार कोड) टाकल्यापासून एलएनके २०३८ हा लिंकरचा (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या टूलचा) एरर येतो, मॅकवर ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) इन्स्टॉल असूनही 'सिम्बॉल्स नॉट फाउंड फॉर आर्किटेक्चर आर्म६४' म्हणतं, आणि लिनक्सवर (म्हणजे उबुंटूवर) म्हणे हेडर फाइलच (कोडमध्ये इन्क्लूड करतो ती) नाही, जी समोर दिसतेय! मालक म्हणतायत सीमेक टाकून द्या, दुसरं काहीतरी घ्या. मेसन, बेझल, प्रीमेक असं काय काय वाचलं. कोणी वापरलंय का? काय घ्यावं? आगाऊ धन्यवाद.

मेसनप्रेमी
मेसन घ्या, डोळे झाकून. सिंटॅक्स वाचता येतो, सीमेकसारखं कोडं नाही. आम्ही गेलो आणि परत वळून पाहिलं नाही.

जुना_खेळाडू
@मेसनप्रेमी मेसन चांगलंच आहे, वाद नाही, नवीन प्रोजेक्ट असता तर मीही तेच म्हणालो असतो. पण पक्याभाऊंचे तिन्ही प्रॉब्लेम मेसनमध्ये जसेच्या तसे येणार. घर बदललं तरी भाडेकरू तेच. एसडीकेची लिब (लायब्ररी) तीच, मॅकवरचं ओपनएसएसएल तेच, फाइलचं नावही तेच. आणि बेझल चार माणसांच्या टीमला? नको हो.

पक्याभाऊ, आधी तीन गोष्टी सांगा: सीमेकचं व्हर्जन प्रत्येक मशीनवर कुठलं, जनरेटर कुठला (सीमेक प्रत्यक्ष बांधकाम ज्याच्याकडून करून घेतं तो, व्हिज्युअल स्टुडिओ की निंजा), आणि *पहिला* एरर पूर्ण. लोक शेवटचा पेस्ट करतात, तो बहुतेक वेळा पहिल्याचा परिणाम असतो.

सांगलीचा_पक्या
विंडोजवर ३.२६, व्हिज्युअल स्टुडिओ जनरेटर. मॅकवर होमब्रूमधून (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं टूल) आलेलं ४ पॉइंट काहीतरी, निंजा. उबुंटूवर ३.२२, मेकफाइल.
विंडोजचा एरर: 'मिसमॅच डिटेक्टेड फॉर रनटाइमलायब्ररी: व्हॅल्यू एमटी_स्टॅटिकरिलीज डझन्ट मॅच व्हॅल्यू एमडी_डायनॅमिकरिलीज'.
मॅकवर त्याच्याही आधी वेगळाच एरर आला होता, 'कम्पॅटिबिलिटी विथ सीमेक < ३.५ हॅज बीन रिमूव्ह्ड', तो मॅकवाल्या पोराने गूगल करून एक फ्लॅग देऊन गप्प केला.

लिंकर_तात्या
विंडोजचं मी सांगतो, जरा इस्कटून सांगावं लागेल. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये सी रनटाइम (मेमरी वगैरे सांभाळणारी मूळ लायब्ररी) दोन प्रकारे जोडता येतो, एमटी म्हणजे तुमच्या ईएक्सईच्या पोटात आणि एमडी म्हणजे बाहेरच्या डीएलएलमधून (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी वेगळी फाइल), आणि दोन्हीचे डीबग अवतार वेगळे, म्हणजे झाले चार. एका ईएक्सईत जाणाऱ्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल झालेले तुकडे) आणि स्टॅटिक लिब (अशा तुकड्यांचा गठ्ठा, ईएक्सईतच जाणारा) एकाच जातीच्या लागतात. काटेवाल्यांनी एमटीने बनवलेली लिब दिली, सीमेक काही सांगितलं नाही तर एमडी धरतो, आणि लिंकर दोघांना एका पंगतीत बसू देत नाही. देत नाही तेच बरं, नाहीतर एकाने घेतलेली मेमरी दुसरा सोडायला जातो आणि गिऱ्हाइकाच्या दुकानात ऐन सौद्याच्या वेळी क्रॅश.

आता दोन वाटा. एक, सगळा प्रोजेक्ट एमटी करायचा. त्यासाठी 'सीमेक_एमएसव्हीसी_रनटाइम_लायब्ररी' हे व्हेरिएबल आहे, ३.१५ पासून. पण नुसतं सेट करून भागत नाही, सीमेकलिस्ट्स या सीमेकच्या मुख्य फाइलच्या पहिल्या ओळीत मिनिमम व्हर्जन निदान ३.१५ लागतं, नाहीतर जुनी पॉलिसी लागू राहते आणि ते व्हेरिएबल गुपचूप दुर्लक्षित होतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. तुमच्या मॅकवरच्या 'कम्पॅटिबिलिटी'च्या एररवरून दिसतंय की पहिल्या ओळीत २.८ वगैरे आहे. ते फ्लॅगने गप्प करू नका, ओळच बदला. आणि बाकीच्या लिब व्हीसीपीकेजीमधून (सी प्लस प्लसच्या लायब्ररी आणून देणारं टूल) घेत असाल तर ट्रिपलेट (लिब कुठल्या मशीनसाठी आणि कशी बांधायची ते सांगणारं नाव) एक्स६४-विंडोज-स्टॅटिक घ्या, त्यात रनटाइमही स्टॅटिक असतो. एक्स६४-विंडोज-स्टॅटिक-एमडी नावाचा दुसरा आहे, तो इथे चालणार नाही.

दोन, काटेवाल्यांकडे डीएलएल आणि साधा सी इंटरफेस मागा. मला विचाराल तर हीच वाट. डीएलएलच्या आत त्यांचा रनटाइम त्यांच्यापाशी, तुम्ही एमडीवरच राहा, फक्त त्यांनी दिलेली मेमरी त्यांच्याच फंक्शनने सोडवायची.

ठाणेकर_प्रज्ञा
मॅकचं माझ्याकडे. पक्यादादा, त्या पोराने जुन्या इंटेल मॅकवरून सगळा डेटा नवीन मॅकवर मायग्रेट केला होता का? माझी शंभर टक्के पैज. इंटेलवर होमब्रू /युएसआर/लोकलमध्ये बसतं आणि ॲपल सिलिकॉनवर /ऑप्ट/होमब्रूमध्ये. मायग्रेट केलं की जुनं तसंच पडून राहतं, सीमेक शोधायला गेला की कधी जुनं आधी सापडतं, ते एक्स८६चं (इंटेलचं), लिंकर 'इग्नोरिंग फाइल' अशी एक वॉर्निंग देऊन पुढे जातो आणि मग खाली एसएसएलची सगळी फंक्शन्स अनडिफाइन्ड. ती वॉर्निंग एररच्या बरीच वर असते म्हणून दिसत नाही.

बघायचं कसं: सीमेककॅश फाइल (सीमेकने आधी शोधलेलं जिथे लिहून ठेवलेलं असतं ती) उघडा, ओपनएसएसएल शोधा, कुठला पाथ पकडलाय ते दिसेल. त्या डीवायलिबवर (मॅकवरची लायब्ररी फाइल) 'फाइल' कमांड चालवा, एक्स८६_६४ की आर्म६४ ते लगेच सांगते. टर्मिनल रोझेटामध्ये (नवीन मॅकवर इंटेलचे प्रोग्राम चालवणारी सोय) तर चालत नाही ना तेही बघा, 'युनेम -एम' केलं की आर्म६४ यायला हवं.

पाथ बरोबर केल्यावर नुसतं परत कॉन्फिगर करून उपयोग नाही, कॅशमध्ये जुना पाथ चिकटून बसलेला असतो. बिल्ड फोल्डर उडवा, किंवा सीमेक ३.२४ किंवा पुढचं असेल तर --फ्रेश द्या. आणि सीमेक कुठे कुठे शोधतंय तेच बघायचं असेल तर --डीबग-फाइंड आहे, आउटपुट ढीगभर येतं पण एकदा तरी वाचाच.

डोंबिवली_फास्ट
रुमाल टाकून ठेवतो.
बाय द वे सगळं डॉकरमध्ये (सगळ्या साहित्यासकट तयार डबा, म्हणजे इमेज, बनवून चालवायचं टूल) का नाही टाकत? एकदा इमेज बनवली की सगळीकडे सेम, विषय संपला.

जुना_खेळाडू
@डोंबिवली_फास्ट मॅकवरच्या डॉकरमध्येही लिनक्सच चालतं हो, त्यातून मॅकचं ॲप कसं काढणार? आणि गिऱ्हाईक विंडोजवर. लिनक्सच्या टेस्टसाठी डॉकर छान, बाकी दोघांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

लिनक्सचं हेडर: पक्याभाऊ, फाइलचं नाव आणि इन्क्लूडमधलं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा, कॅपिटल-स्मॉलसकट. विंडोज आणि मॅक दोघेही डीफॉल्टला कॅपिटल-स्मॉल एकच मानतात, लिनक्स मानत नाही. नाव बदलायचं तर एक्सप्लोररमधून नको, 'गिट एमव्ही'ने (कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिटची नाव बदलायची कमांड) करा, नाहीतर गिटला विंडोजवर बदल कळतच नाही आणि सर्व्हरवर जुनंच नाव जातं.

सांगलीचा_पक्या
प्रज्ञाताई, पैज जिंकलात 🙏 मायग्रेटच केलं होतं, /युएसआर/लोकलमध्ये अख्खा जुना संसार पडला होता. तो काढला, बिल्ड फोल्डर उडवला, मॅक झालं. मिनिमम व्हर्जन २.८ होतं तात्या, ३.१६ केलं.
लिनक्सवर हेडर सापडलं, W कॅपिटल होता. पण आता लिंक करताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स', आमच्याच सिरीयल पोर्टच्या फंक्शनला! फाइल कंपाइल होतेय, लिबमध्ये फंक्शन आहे, एनएम (लिबमधली नावं दाखवणारी कमांड) करून बघितलं. विंडोज-मॅकवर हेच लिंक होतं.

लिंकर_तात्या
टार्गेट लिंक लायब्ररीजची ओळ (कशाला कुठली लिब जोडायची ते सांगणारी) टाका बघू. तुमची 'कोअर' लिब 'सिरीयल' वापरते, आणि यादीत सिरीयल आधी, कोअर नंतर, असं आहे का?

सांगलीचा_पक्या
हो!! असंच आहे. ॲपच्या ओळीत 'सिरीयल कोअर'.

लिंकर_तात्या
मग बरोबर. लिनक्सचा लिंकर स्टॅटिक लिब डावीकडून उजवीकडे एकदाच चाळतो. सिरीयलपाशी आला तेव्हा तिचं कोणी मागितलेलं नव्हतं म्हणून काही उचललं नाही, पुढे कोअरने मागितलं तोवर गाडी पुढे गेली. मायक्रोसॉफ्टचा आणि ॲपलचा लिंकर याबाबतीत दिलदार. नुसता क्रम उलटा केलात तर आज चालेल, पण खरं औषध म्हणजे कोअरच्याच टार्गेटला सांगा की तुला सिरीयल लागते, ॲपच्या ओळीत फक्त कोअर ठेवा. क्रम लावणं सीमेकचं काम आहे, त्याला नातं सांगा, तो लावतो.

मेसनप्रेमी
हे मात्र मेसनमध्येही असंच करावं लागतं, मान्य.

जुना_खेळाडू
आता मालकांना काय सांगायचं ते. टूल बदलू नका, पण आज जे तीन मशीनच्या पोटात आणि तीन माणसांच्या डोक्यात आहे ते रेपोत (गिटमधल्या सामायिक कोडच्या साठ्यात) आणा. सीमेकप्रीसेट्स जेसॉन फाइल लिहा, प्रत्येक ओएससाठी एक प्रीसेट (ठरलेल्या सेटिंग्जचा संच), त्यात जनरेटर, ट्रिपलेट, बिल्ड टाइप (डीबग की रिलीज) सगळं. बिल्ड टाइपवरून आठवलं, निंजा आणि मेकफाइलला तो दिला नाही तर रिकामा राहतो, म्हणजे ना ऑप्टिमायझेशन ना डीबग माहिती, आणि व्हिज्युअल स्टुडिओला कॉन्फिगर करताना दिलात तर तो बघतच नाही, बिल्डच्या वेळी --कॉन्फिग रिलीज द्यावं लागतं. 'माझ्याकडे फास्ट चालतं, सर्व्हरवर स्लो' या तक्रारी निम्म्या इथून येतात. लिब व्हीसीपीकेजीच्या मॅनिफेस्टमध्ये (लागणाऱ्या लिबची यादी) बेसलाइनसकट (व्हर्जन पक्की करणारी खूण) बांधा, आणि गिटहब ॲक्शन्सवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवायची सोय) तिन्ही ओएस लावा. मॅकसाठी मॅकोस-१४ किंवा पुढचा रनर (गिटहबचं बिल्ड चालवणारं मशीन) घ्या, तो आर्म आहे, तुमच्या पोराच्या मशीनसारखाच.

सांगलीचा_पक्या
वाचनखूण साठवली. काटेवाल्यांना डीएलएलसाठी मेल टाकलाय, तोवर एमटीवर चालवतोय. रिलीज लिंक होतोय पण डीबग बिल्डला आता 'इटरेटर डीबग लेव्हल' मिसमॅच म्हणतो. त्यांनी फक्त रिलीजची लिब दिलीय.

लिंकर_तात्या
येणारच. डीबग सोडा, 'रेलविथडेबइन्फो' वापरा, रनटाइम रिलीजचाच राहतो आणि ब्रेकपॉइंटही लागतात, फक्त काही व्हेरिएबल ऑप्टिमाइझ होऊन दिसणार नाहीत. डीएलएल आली की हा त्रास जाईल.

डोंबिवली_फास्ट
एक शंका, ज्याच्या त्याच्या मशीनचे पाथ प्रीसेटमध्ये टाकले तर दुसऱ्याचं फुटणार ना?

ठाणेकर_प्रज्ञा
त्यासाठी सीमेकयुजरप्रीसेट्स जेसॉन वेगळी असते, स्वतःचे पाथ त्यात. ती गिटइग्नोअरमध्ये टाका, कमिट करायची नाही.