कोड शोधणारं टूल आणि 'काहीच सापडलं नाही'

एआय एजंट (स्वतःहून टूल वापरून काम करणारा एआय) कोड शोधायला जे टूल वापरतो, त्याचं एजंटसाठी वेगळं डॉक्युमेंटेशन कशाला, रीडमी (प्रोजेक्टसोबतची माहितीची फाइल) आहे की, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. माणूस रीडमी एकदा चाळतो आणि पुढे सवयीने चालतो; एजंटची पाटी दर सेशनला कोरी. एमसीपीमध्ये (एजंटला टूल्स जोडायची एक प्रमाणित पद्धत) तर त्याच्यासमोर मुख्यतः टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती माहिती कशा रूपात द्यायची ते) येतो. रीडमी तो उघडेलच याची खात्री काय? तेव्हा कामाचं ते वर्णनातच हवं.

खरा घोळ रिकाम्या उत्तरात आहे. टूलच्या पोटात रिपग्रेप (फाइल्समध्ये मजकूर शोधणारा प्रोग्राम) असेल, तर तो गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइल्सच्या यादीतल्या) आणि लपवलेल्या फाइल्स आपणहून बघतच नाही. एजंट बिल्ड फोल्डरमधलं (ते बहुधा गिटइग्नोरमध्येच असतं) जनरेट झालेलं फंक्शन शोधतो, हाती काही लागत नाही, आणि ते अस्तित्वातच नाही असं धरून दुसरं लिहून मोकळा होतो! शिवाय रिपग्रेप काही न सापडल्यास एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) १ देतो, खरी एरर आल्यास २. हा फरक रॅपरने (रिपग्रेपभोवतीच्या टूलच्या कोडने) गिळला तर एजंट उगाच तोच शोध घेत बसतो. त्यापेक्षा उत्तरातच लिहा: '० निकाल. गिटइग्नोरमधल्या फाइल्स वगळल्या. त्या हव्या असल्यास अमुक पॅरामीटर द्या.'

शोधायचा पॅटर्न रेजेक्स (खास चिन्हांनी लिहिलेला शोध-नमुना) आहे की साधा मजकूर, हेही सांगून टाका. फंक्शनचं नाव उघड्या कंसासकट दिलं की रेजेक्स तिथेच अडतो, कारण कंस हे त्यातलं खास चिन्ह.

निकालांची कमाल मर्यादा असेल आणि यादी मध्येच कापली जात असेल, तर तेही उत्तरात दिसू द्या. नाहीतर पहिले ५० म्हणजेच सगळे, असं एजंट बिनदिक्कत समजतो.