उघडा एअर फिल्टर बसवावा का?

प्रश्न (चिपळूण): माझ्या १.२ लिटर पेट्रोल गाडीचा मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टरचे बंद खोके) काढून उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवल्यास कशेडी घाटात चढाला ओढ वाढेल का?

उत्तर (रत्नागिरी): आवाज नक्की वाढेल, ओढ क्वचितच, कारण मूळ नळी सहसा ग्रिलमागची थंड हवा घेते, तर उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम आणि म्हणून विरळ हवा ओढतो. आधी जांभ्याच्या धुळीने लालभडक झालेला कागदी फिल्टर बदलून पाहावा.

उत्तर (मालवण): सहमत. नळीचे तोंड खाली बंपरजवळ नेण्याचा मोहही आवरावा, कारण पावसाळ्यात साचलेले पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर ते दाबले जात नसल्यामुळे पिस्टनला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकू शकतो, आणि मग खर्च विचारूच नये.

प्रश्नकर्ता: मूळ खोक्यात तेल लावलेला, धुण्याजोगा फिल्टर चालेल का?

उत्तर (रत्नागिरी): चालेल, मात्र तेल बेताचेच लावावे.