मदत हवी आहे: मार्लोच्या सिनेमाला आधी शिव्या, मग ओव्या, असं का?

घाईत_आहे
फिल्म क्लबात शनिवारी मार्लोचा (रेमंड चँडलरच्या कादंबऱ्यांतला खाजगी डिटेक्टिव्ह) सिनेमा दाखवतायत आणि त्याआधी दहा मिनिटं बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आला तेव्हा समीक्षकांनी झोडपला, आता सगळे डोक्यावर घेतात. मधे नक्की काय झालं? विकीचा दुवा देऊ नका. लवकर सांगा प्लीज.

जुनी_रीळ
मार्लोचे सिनेमे आठ-नऊ तरी आहेत. नट कोण, बोगार्ट की मिचम? साल?

रसाळगावकर
बोगार्टचाच असणार. 'द बिग स्लीप', १९४६. गोष्टीतल्या ड्रायव्हरला कोणी मारलं ते सिनेमावाल्यांना कळेना म्हणून त्यांनी मूळ लेखक चँडलरला तार करून विचारलं, तर त्यालाच माहीत नव्हतं म्हणे! हेच सांगा, हशा नक्की.

घाईत_आहे
बोगार्ट नाही हो, मांजरवाला.

जुनी_रीळ
मग तसं सांगा की! 'द लाँग गुडबाय', १९७३, दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन, मार्लो झालाय एलियट गूल्ड. आधी लॉस एंजेलिससारख्या मोजक्या शहरांत लागला आणि आपटला. जाहिरात नेहमीच्या कडक डिटेक्टिव्हपटाची. लोक बोगार्ट बघायला आले आणि समोर कोण, तर स्वतःशी पुटपुटत मध्यरात्री मांजराचं खाणं आणायला निघालेला इसम. वितरक युनायटेड आर्टिस्ट्सने सिनेमा मागे घेतला, 'मॅड' या विनोदी मासिकाच्या जॅक डेव्हिसकडून व्यंगचित्राचं पोस्टर करून घेतलं आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कला लावला. तिथे 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात समीक्षक पॉलीन केलने भरभरून लिहिलं. सिनेमा तोच, पाटी बदलली.

मास्तर
पोस्टरचं कौतुक पुरे. चँडलरची १९५३ ची मूळ कादंबरी कोणी वाचलीय का इथे? त्यातला मार्लो मित्राला गोळी घालत नाही. समीक्षक चिडले ते बरोबरच होतं.

काळी_मांजर
अहो मास्तर, शेवट फोडलात! निदान 'रहस्यभेद' असं वर लिहायचं.
आणि पटकथा ली ब्रॅकेटची आहे. 'द बिग स्लीप'च्या पटकथाकारांतही ती होती, म्हणजे तिला मार्लो शिकवायची गरज नाही. ऑल्टमन त्याला गमतीने 'रिप व्हॅन मार्लो' म्हणायचा, गोष्टीतल्या झोपाळू रिप व्हॅन विंकलवरून: वीस वर्षं झोपून उठलेला, जुना सूट, जुनी गाडी, आणि भोवती सत्तरच्या दशकातलं लॉस एंजेलिस. तेव्हाच्यांना ही टवाळी वाटली. मला तो त्या गावातला एकमेव सभ्य माणूस वाटतो, म्हणून ती गोळी पटते.

मास्तर
कोणीही केली तरी मोडतोड ती मोडतोडच.

टीव्हीसमोर
मी परवा पाहिला. चित्र धुरकट दिसत होतं. टीव्हीचं सेटिंग बदलू का?

जुनी_रीळ
टीव्हीला हात लावू नका. छायालेखक विल्मोश झिग्मोंडने फिल्म धुण्याआधी तिला मुद्दाम थोडा उजेड दाखवला होता, म्हणून रंग फिके. त्या कामाला नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सचा पुरस्कार मिळाला.

रसाळगावकर
अवांतर: बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर कोणी धड सिनेमा का काढत नाही?

काळी_मांजर
वेगळा धागा काढा हो.

घाईत_आहे
पोस्टर, केल, ब्रॅकेट एवढं घेतो. शेवटाला काय बोलू?

जुनी_रीळ
२०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करायच्या सिनेमांच्या सरकारी यादीत गेला, ते सांगा.

मास्तर
रजिस्ट्रीत गेल्याने शेवट सुधारत नाही.

रसाळगावकर
झुंजारचा धागा काढलाय. मास्तर, तिकडे या.