दहावी कुमारभारती: धडे तोंडपाठ, तरी मराठीत गुण पन्नाशीतच का अडकतात?

अनघा_त्रिमूर्तीनगर

नमस्कार. मुलगी दहावीला आहे, मराठी माध्यम, प्रथम भाषा मराठी म्हणजे कुमारभारती. धडे-कविता पाठ आहेत, गाईडमधली उत्तरं जशीच्या तशी येतात, तरी सराव कृतिपत्रिकेत ८० पैकी पन्नाशीच्या पुढे गाडी जात नाही. तपासलेल्या पेपरात लाल शाई तीन ठिकाणी जास्त दिसते: रसग्रहण, लेखननियम आणि उपयोजित लेखन (पत्र, जाहिरात, निबंध वगैरे). उपयोजित तर पूर्णच होत नाही, शेवटी वेळ संपतो. घरी आमची बोली पक्की नागपुरी, तिचाही लिहिण्यावर परिणाम होत असावा. ट्युशन लावायची नाहीये. घरी बसून नेमकं काय आणि कोणत्या क्रमानं करून घ्यायचं, ते जाणकारांनी सांगावं.

महाल_वाचनकट्टा

ताई, आधी गुणांची विभागणी एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४. शेवटचे दोन विभाग मिळून ४० होतात. त्यात गद्यातल्या अपठित उताऱ्याचे ४ मिळवा. म्हणजे अर्ध्याहून जास्त पेपराचं उत्तर कुठल्याच धड्यात नाही, आणि मुलांचा बहुतेक वेळ मात्र धड्यांच्या पाठांतरात जातो. गुण तिथेच अडकतात.

गद्यात तरी पाठांतर कुठे लागतं? उतारा पेपरात छापलेलाच असतो. ७ गुणांच्या कृतीत ४ गुण आकलनाचे, त्यांची उत्तरं उताऱ्यातच सापडतात. उरलेले ३ स्वमताचे, आणि गाईडचं उत्तर इथेच घात करतं. प्रश्न एका बाजूनं विचारलेला असतो आणि पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच बाजूनं सुरू होतं. परीक्षकाला ते पहिल्या ओळीत कळतं. स्वमताच्या पहिल्या वाक्यात थेट आपलं मत यावं, पुढच्या दोन वाक्यांत उताऱ्यातला आधार, मग आपल्या आजूबाजूचं एक उदाहरण. सहा ते आठ ओळी पुरेत.

भाषाभ्यासात पैकीच्या पैकी मिळू शकतात, म्हणून सुरुवात तिथून करा. समास २, शब्दसिद्धी (शब्द कसा बनला ते ओळखणं) २, वाक्प्रचार ४, शब्दसंपत्ती ४, लेखननियम २, विरामचिन्हे २. समास ओळखताना नावाकडे बघायचंच नाही, आधी विग्रह करायचा. ‘बहीण आणि भाऊ’ झालं की इतरेतर द्वंद्व, ‘पाप किंवा पुण्य’ झालं की वैकल्पिक, ‘मीठ, भाकर वगैरे’ झालं की समाहार. एक हमखास सापळा सांगतो. ‘शेजारीपाजारी’ दिसलं की मुलं समाहार द्वंद्व लिहून मोकळी होतात. पण ‘पाजारी’ला स्वतःचा अर्थच नाही, तो ‘शेजारी’च्या चालीवर आलेला आहे. म्हणून तो अंशाभ्यस्त शब्द, शब्दसिद्धीतला.

वाक्प्रचाराच्या वाक्यातून अर्थ उमगायला हवा. ‘रामने कंबर कसली’ एवढ्यानं काही कळत नाही. ‘पुरात वाहून गेलेला पूल पावसाळ्याआधी उभा करण्यासाठी गावकऱ्यांनी कंबर कसली’, असं वाक्य पाहिजे.

धंतोली_काव्यप्रेमी

वरच्या उत्तरात एक भर घालते. पाठांतर अगदीच सोडून चालणार नाही. पद्य विभागात मुद्द्यांवर आधारित ४ गुणांची कृती असते, तिथे कवी, कवितेचा विषय असं स्वतःच्या आठवणीतून लिहावं लागतं. प्रत्येक कवितेचे कवी, विषय आणि मध्यवर्ती कल्पना एवढं तरी पक्कं हवंच.

आता रसग्रहण. ४ पैकी दीड-दोनच मिळत असतील, तर बहुतेक मुलगी ओळींचा सरळ अर्थ लिहून थांबते. रसग्रहणाचे तीन पदर असतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. प्रत्येकाचा वेगळा परिच्छेद, प्रत्येकी तीन-चार वाक्यं. एक पदर गळला की गुण गळलेच.

संत नामदेवांचा ‘अंकिला मी दास तुझा’ हा पाठ्यपुस्तकातलाच अभंग घ्या. आशयात लिहायचं ते असं: संकटात सापडलेला दास परमेश्वराला धावून येण्याची आर्त विनवणी करतो आहे. काव्यसौंदर्यात मुलं ‘कवीने सुंदर दृष्टांत दिले आहेत’ एवढंच लिहितात आणि पुढे जातात. दृष्टांत कोणते, ते मोजून सांगा. आगीत पडलेल्या बाळासाठी धावणारी आई, जमिनीवर पडलेल्या पिलांकडे झेपावणारी पक्षिणी, भुकेल्या वासराकडे हुंबरत येणारी गाय, वणव्यात पाडसाची चिंता करणारी हरिणी. या चारही ठिकाणी आईच लेकराकडे ओढ घेते. शेवटच्या ओळीत मात्र चित्र फिरतं: चातक मेघाला विनवतो, म्हणजे इथे हाक मारणारा स्वतः नामदेव आहे. हा फरक जिच्या लक्षात येतो तिच्या उत्तराला वजन येतं. कुठल्याही कवितेला हाच प्रश्न विचारायला शिकवा: ओळीगणिक काय तेच राहिलं आणि काय बदललं?

भाषिक वैशिष्ट्यांत अलंकार, यमक, छंद, शब्दकळा. या अभंगात ‘बाळू–कनवाळू’, ‘काजा–तुझा’ ही यमकं आहेत, पहिल्या ओळीच्या दोन्ही चरणांत आठ-आठ अक्षरं आहेत (बोटांवर मोजून घ्या), ‘माजि’, ‘सवेंचि’ अशी जुन्या मराठीची रूपं आहेत, ‘हुंबरत’मध्ये गाईचा आवाजच ऐकू येतो आणि शेवटी ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा आहे. उदाहरण दिल्याशिवाय ‘भाषा साधी, सोपी, ओघवती आहे’ असं लिहूच देऊ नका. ते वाक्य सगळ्या कवितांना चालतं, म्हणून त्याला गुण नाहीत.

झिंगाबाई_टाकळीकर

लेखननियम आणि नागपुरी बोली, या दोनच गोष्टींवर लिहितो.

बोलीत काही वाईट नाही ताई, घरी खुशाल बोला. कथालेखनात पात्राच्या तोंडी, अवतरणचिन्हांत ती शोभूनही दिसते. फक्त निवेदनात उतरली की गुण जातात. तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘जाऊन राहिला’च्या जागी ‘जात आहे’. ‘मले, तुले’च्या जागी ‘मला, तुला’. ‘सांगतलं, मागतलं’च्या जागी ‘सांगितले, मागितले’. ‘पानी, लोनी’ऐवजी ‘पाणी, लोणी’. ‘बक्षीस भेटलं’ हे तर चांगल्या मुलांच्या पेपरातही दिसतं. माणूस भेटतो, वस्तू मिळते. आणि ‘केलं, गेलं, असं’ ही बोलण्यातली रूपं औपचारिक लेखनात ‘केले, गेले, असे’ अशीच लिहावीत. एकाच परिच्छेदात दोन्ही मिसळली की लगेच डोळ्यात खुपतं.

ऱ्हस्व-दीर्घासाठी अठरा नियम पाठ करून उपयोग नाही, दोन-तीन नीट कळले तरी बहुतेक चुका जातात. पहिला: शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ. कवी, गुरू, बुद्धी. अपवाद म्हणून ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’ लक्षात ठेवा. समासात पहिलं पद म्हणून आले की हेच तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द मूळ ऱ्हस्व रूप घेतात: कविवर्य, गुरुदक्षिणा, बुद्धिवैभव.

दुसरा नियम जास्त गुण वाचवतो. ‘गरीब’ आणि ‘शरीर’ शेजारी-शेजारी लिहा. दोन्हींत ‘री’ दीर्घ. आता ‘ला’ लावा: गरिबाला, पण शरीराला. कारण ‘शरीर’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, तत्सम शब्द. त्याची वेलांटी विभक्ती लागली तरी हलत नाही. ‘गरीब’ तत्सम नाही, म्हणून त्याचा शेवटून दुसरा स्वर सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. याच वाटेनं वकील–वकिलाला, जमीन–जमिनीला, बहीण–बहिणीला, फूल–फुलाला, दूध–दुधात. उलट जीवन–जीवनात, परीक्षा–परीक्षेला, पूजा–पूजेला. रोज अशा दहा जोड्या लिहून घ्या, पंधरा दिवसांत फरक दिसेल.

काही शब्द मात्र डोळ्यांनीच पक्के करावे लागतात: महत्त्व, तत्त्व, उज्ज्वल, आशीर्वाद, क्रीडा, सहानुभूती, सूर्य, पूर्व. ‘महत्व’ आणि ‘परिक्षा’ या दोन चुका तर दुकानांच्या पाट्यांवर आणि मोबाईलवर इतक्या दिसतात की मुलांना त्याच बरोबर वाटू लागतात.

अनघा_त्रिमूर्तीनगर

मनापासून आभार. गरीब–शरीर लगेच करून घेतलं. आता उपयोजित लेखनाचं सांगा. तिथे तिचे आठ-दहा गुण कोरेच राहतात. आणि निबंधात आपल्या इकडच्या गोष्टी लिहिल्या तर चालतात का?

महाल_वाचनकट्टा

कोरं राहतं ते वेळेमुळे. तीन तासांचे १८० मिनिटं अशी वाटून द्या: गद्य ४०, पद्य ३५, स्थूलवाचन १५, भाषाभ्यास २५, उपयोजित ५०, उरलेली १५ तपासणीला. पहिल्या ४० मिनिटांत गद्य संपलं नाही तर जागा सोडून पुढे जायचं. स्वमत दीड पान लिहिलं तरी ३ च्या वर गुण नाहीत. आणि उपयोजितात प्रश्नासोबत छापलेली निवेदनं, सूचना उत्तरपत्रिकेत उतरवून काढायच्या नसतात, त्यांची आकृतीही लागत नाही. पाच-सात मिनिटं तिथेच वाचतात.

पत्र किंवा सारांश, ६ गुण. सारांश प्र. १ (इ) मधल्या अपठित उताऱ्याचाच असतो, त्यामुळे वाचन आधीच झालेलं असतं. उताऱ्याचे शब्द मोजा, त्याचा एक-तृतीयांश. ९० शब्दांचा असेल तर ३०. उदाहरणं, पुनरुक्ती, अवतरणं गाळायची, स्वतःचं मत घालायचं नाही, एकच परिच्छेद. उताऱ्यातली तीन वाक्यं उचलून जोडली तर तो सारांश होत नाही. पत्रात मायना, विषय, मजकूर, समारोप, पत्ता सगळं डाव्या समासाला धरून. मुलीनं स्वतःचं किंवा शाळेचं खरं नाव कुठेही लिहू नये, निवेदनात दिलेलंच वापरावं.

जाहिरात, बातमी, कथा यांतल्या कोणत्याही दोन, प्रत्येकी ५ गुण. जाहिरात ५०–६० शब्द, बातमी आणि कथा ८०–९०. बातमीतली नेहमीची चूक म्हणजे ‘कार्यक्रम होणार आहे, सर्वांनी यावे’. ती बातमी नव्हे, निमंत्रण झालं. बातमी घडून गेलेल्या घटनेची, भूतकाळात, तृतीयपुरुषी, आपलं मत न घालता. शीर्षक, स्थळ-दिनांक, मग पहिल्याच वाक्यात काय, कुठे, केव्हा, कोणी.

धंतोली_काव्यप्रेमी

इकडच्या गोष्टी चालतात का म्हणता? त्याच लिहाव्यात. लेखनकौशल्याला ८ गुण आणि १००–१२० शब्द आहेत, एवढ्या जागेत ‘भारत हा सणांचा देश आहे’ यावर चार ओळी घालवणं परवडत नाही. प्रसंगलेखनात मिरवणूक आली तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत (वाईटाचं प्रतीक म्हणून मिरवत नेलेले पुतळे) घ्या: नागपूरच्या इतवारी-महालातली गर्दी, काळी आणि पिवळी मारबत, बडग्यांवरच्या (सोबतच्या पुरुषी पुतळ्यांवरच्या) पाट्या, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी. त्याच दिवशीचा तान्हा पोळा घेतला तर लाकडी बैल सजवून घरोघर फिरणारी पोरं आहेत. सुरुवात थेट प्रसंगाच्या मध्यावरून, एक आवाज, एक दृश्य, मनात काय आलं, आणि थांबायचं. आत्मकथनात मात्र ‘मी’ कोण बोलतोय ते पहिल्या दोन ओळींत कळलं पाहिजे आणि शेवटपर्यंत तोच बोलला पाहिजे. मध्येच निबंध सुरू झाला की गुण कापले जातात.

आठवड्यातून दोनदा, घड्याळ लावून, फक्त विभाग ५, म्हणजे उपयोजित लेखन, लिहून घ्या. ५० मिनिटं झाली की पेन खाली.

झिंगाबाई_टाकळीकर

आणि तो कागद त्याच दिवशी तपासू नका. दुसऱ्या दिवशी तिलाच लाल पेन द्या आणि फक्त तीन गोष्टी शोधायला सांगा: चुकलेली वेलांटी-उकार, बोलीतली क्रियापदं, राहिलेली विरामचिन्हं. पाठ्यपुस्तक हाताशी नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतं. शंका आली की शब्द तिथे बघायचा, मोबाईलच्या कीबोर्डनं सुचवलेला घ्यायचा नाही.